पंधरा आकडे

पहाटे पाचला, स्केल्ट नदीच्या बांधावरचं धुकं उठायच्या आत
नगरपालिकेच्या केशरी गाडीतून आम्ही निघतो.
मी, आणि मागे फावडं धरून तेस्फालेम.
रात्री रस्त्यावर जे मेलं असेल ते उचलायचं.
बदक असेल तर बादलीत. कोल्हा असेल तर पिशवीत.
मांजर असेल तर आधी विचारायचं.

विचारायचं म्हणजे यंत्र फिरवायचं अंगावरून,
इस्त्रीसारखं, पण न टेकवता.
मानेच्या डाव्या बाजूपासून सुरुवात.
कातडीखाली कुठंतरी काचेची नळी असते
तांदळाच्या दाण्याएवढी,
तिला एकच गोष्ट पाठ असते.

आज बेकरीच्या वळणावर एक करडी.
मान: काही नाही. खांदे: काही नाही.
बेवारस, मी म्हटलं, आणि पिशवी उघडली.
तेस्फालेम म्हणाला, थांब, दाणा चालतो.
खरंय. वर्षं गेली की घसरतो आतल्या आत,
कुणाच्या बरगडीकडे, कुणाच्या कोपराशी.
पुढच्या डाव्या पायापाशी वाजलं यंत्र.
एवढंसं. चमचा बशीला लागावा तसं.

नऊ आठ एक, मग शून्यं, मग बाकीचे.
ऑफिसात लीव्हनं आकडे टाकले, पडद्यावर उमटलं:
मुफ. मादी. करडी.
मालकीण गोडलीव फर्स्टाउफ्ट, हासेल्ट.
हरवल्याची नोंद: चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला तिनं.
म्हणाली, नंबर बदलला नव्हता मी, एवढ्यासाठीच.

ती शंभर किलोमीटर गाडी हाकत यायच्या आधी
बेकरीच्या गल्लीतली हेंडरिका आली, घरातल्या सपाता घालून.
माझं मांजर रात्री परतलं नाही. करडं आहे. नाव शनिवार.
शनिवारी आलं होतं, म्हणून.
तिच्याकडे कागद नव्हता, आकडा नव्हता.
पावाच्या क्रेटमध्ये झोपतं, म्हणाली,
आणि नळ थोडा ठिबकत ठेवावा लागतो त्याला.

ब्रसेल्सला म्हणे आता साऱ्या देशांच्या वह्या
एकमेकींना जोडणार आहेत.
एकही कुत्रं, एकही मांजर बिननोंदीचं राहणार नाही.
चांगलंच आहे. गाड्या भरभरून पिल्लं विकणारे
मी पाहिलेत, खोटे दाखले, डोळेही न उघडलेली पिल्लं.
पण मालकाचा रकाना एकच आहे,
आणि शीतपेटीपाशी दोघी उभ्या होत्या.

गोडलीवनं विचारलं, काय खायची ती?
लोणी. बोटावरून.
आमच्याकडे लोण्याला तोंड लावत नसे.
यावर दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.
लीव्ह स्टेपलरमध्ये पिना भरत बसली, तो भरलेला असताना.

कायद्यानं मांजर गोडलीवचं.
तिनं सही केली, खोकं घेतलं, गाडीपर्यंत गेली,
परत आली.
तुमच्याकडे बाग आहे?
परसात फरशी आहे, हेंडरिका म्हणाली. दोन काढता येतील.
तेस्फालेमनं न सांगता कुदळ उचलली.

येताना गाडीत त्यानं ते यंत्र
स्वतःच्या मनगटावरून फिरवून पाहिलं.
वाजलं नाही.
माझा आकडा कागदावर असतो, म्हणाला,
दर वर्षी रांगेत उभा राहून नवा करून घेतो.
मी गिअर बदलला. काय बोलणार.

संध्याकाळी मला ती नोंद बंद करायची होती.
'मृत' वर खूण. तारीख. रस्त्याचं नाव.
दाणा मात्र मरत नाही, त्यात जिवंत काही नसतंच;
फरशीखाली विचारलं तरी तो पंधरा आकडे सांगेल
आणि हासेल्टचं नाव सांगेल.

खाली 'इतर माहिती' असा एक रकाना आहे.
तो कुणी वाचत नाही, लीव्ह सांगते.
मी टाईप केलं, दोन बोटांनी:
शनिवार म्हटलं तरी ओ द्यायची.